शेजारच्या ताटात काय होतं?

मंडळी, हमरापूर म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात. आज आपण ताटाकडे पाहू. आपल्या पेण-रोहे भागात पिढ्यान्‌पिढ्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू राहिले. पेणकर, रोहेकर ही त्यांचीही आडनावं. तांदळाची भाकरी, नारळ, मासे आपल्यासारखेच. पण मासा खवले-पर असलेलाच. कोळंबी, चिंबोरी वर्ज्य. मटणासोबत दूध-दही चालत नाही, नारळाचं दूध मात्र चालतं. नवस फेडायला मलिदा: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली; मलिदा तिथेही होतो. आपण त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचो, धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून. पोहे मात्र दोघांचे एकाच भातशेतीतले, हे आपण विसरायला नको.