बांधावरची शाळा

आमच्या कामोठ्यात मे महिना म्हणजे लग्नं नि आंबे, अभ्यासाचं नाव नाही. पण १९७४ च्या सुट्टीत गुरुजींनी आम्हां अकरा पोरांना दहा दिवस खाडीच्या बांधावर नेलं. जिल्हा तेव्हा कुलाबा; रायगड हे नाव १९८१ साली आलं. पर्यावरण हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवायला सांगितलं १९९१ साली. आमचा वर्ग त्याच्या सतरा वर्षं आधी भरला.

खाडीच्या अंगाला आमची खारजमीन. भरती आत येऊ नये म्हणून मातीचा बांध आणि बांधात उघाडी. उघाडीचं लाकडी दार खाडीकडे उघडायचं. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच ते मिटायचं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडायचं. त्या दारावर गावाचं भात उभं होतं.

"आपण मे महिन्यातच का आलो?" गुरुजींनी विचारलं. उत्तर पायाखाली पसरलेलं. ऊन तापलं की जमिनीतलं खारं पाणी वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ पांढरं होऊन मागे राहतं. आम्ही तीन ठिकाणची एकेक किलो माती घेतली: बांधाबाहेरची, बांधाच्या पायथ्याची आणि गावालगतच्या खाचरातली. पाण्यात ढवळली, फडक्यातून गाळली नि ते पाणी आजीच्या चुलीवर आटवलं. दुकानाच्या तराजूत बाहेरच्या मातीचं पारडं खाली गेलं. खाचरातल्या मातीचं मीठ तोलायला वजनच सापडेना. पायथ्याच्या शेतात बाबा राताच का पेरतात ते तेव्हा कळलं. तो खार सोसतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ ही भाताची वाणं काढली ती याच दुखण्यावर.

मग भरतीचं गणित. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता. आजी हसली. "गुरुजी, तुमचा पानी मुंबयचा. आपल्याकरं यायला त्याला येल लागतं." आम्ही खुणा केलेली काठी चिखलात रोवली, निवट्या उड्या मारताना बघत बसलो. पाणी खरंच उशिरा चढलं. गुरुजींनी वहीतला आपला आकडा खोडला आणि पाहिलेली वेळ लिहिली. मास्तर स्वतःची चूक खोडतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सिडको १९७० साली स्थापन झाली होती. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, त्यांत आमचीही. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क मिळाला. आमच्या घरालाही त्याचा आधार झाला, नाकारत नाही.

पण एक गोष्ट माझ्यावर आहे. भराव पडण्याआधी मोजणीवाले आले होते. त्यांनी विचारलं, "इकडचं पाणी कुठून जातं?" माझ्याकडे ती वही होती, उघाडी कुठे, नाळ कुठे, सगळं काढलेलं. मी रागात होतो. म्हटलं, "माहीत नाही." भराव झाला, भोवतालची जमीन उंच झाली नि गावठाण खोलगट राहिलं. पुढच्याच पावसाळ्यात आईच्या चुलीपर्यंत पाणी आलं. ते चूल उचलून माच्यावर ठेवताना आई मला काही बोलली नाही. मीच वही काढली आणि दाखवायला गेलो. तोवर नाळेवर रस्ता झाला होता.

नवी मुंबईच्या सखल भागांत पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव आहेत. त्यांची झडपं ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात. इमारतीतल्या पोरांना मी मेमध्ये असा एक तलाव दाखवायला नेतो. आधी तिथीचा हिशेब, मग काठी. गेल्या खेपेला एका मुलीने मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली आणि म्हणाली, "काका, पाणी अजून आलं नाही."

"थांब," म्हटलं, "आणि आलं की वेळ लिही."

ती लिहीपर्यंत आम्ही थांबलो.