आग कधी लावावी आणि कोणी: अर्नहेम लँडचा धडा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेस अर्नहेम लँड आहे. वालुकाश्माचे पठार, विरळ झाडी आणि भरपूर गवत असा हा प्रदेश. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, उरलेले महिने जवळजवळ कोरडे. पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाणारे गवत नंतर वाळते आणि दरवर्षी जळणाचा नवा साठा तयार होतो. इथे आग अजिबात लागू नये, ही अपेक्षाच फोल आहे. ती कधी लावावी आणि कोणी लावावी, एवढेच माणसाच्या हातात उरते.

आधी ‘कधी’चा विचार करू. मे-जूनमध्ये गवतात ओल असते, रात्री दव पडते. तेव्हा लावलेली आग बुटकी राहते, ओढ्याशी किंवा खडकाशी अडते आणि पुष्कळदा रात्रीतून आपोआप विझते. जळालेल्या व न जळालेल्या तुकड्यांची गोधडी मागे उरते. ऑगस्टनंतर उष्मा आणि वारा वाढतो, पानगळीचा थर साचलेला असतो. मग लागलेली आग आठवडेच्या आठवडे चालते आणि थेट झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचते. कॅलिट्रिस या सूचिपर्णी वृक्षाला असा वणवा सोसत नाही. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकत नसल्यामुळे मोठी झाडे मेली की तिथली पुढची पिढीच खुंटते. पठारावर जागोजागी उभी असलेली कॅलिट्रिसची वठलेली खोडे म्हणूनच चुकीच्या आगीचा पुरावा मानली जातात.

ही चूक मुख्यतः विसाव्या शतकातली. मिशन, गुरांचे तळ आणि शहरे यांच्याकडे आदिवासी कुटुंबे ओढली गेली. रान निर्मनुष्य झाले. थोडे थोडे जाळत फिरणारे कोणी राहिले नाही, आणि वणव्यांना मोकळे रान मिळाले.

म्हणून ‘कोणी’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पश्चिम अर्नहेममधील बिनिंज समाजात जमिनीचा हक्क वडिलांच्या कुळाकडून येतो. पण त्या भूमीची देखरेख करतात ते जुंगकाय, म्हणजे ती भूमी ज्यांचे आजोळ आहे असे लोक. त्यांना विचारल्याशिवाय महत्त्वाचा निर्णय होत नाही. मालकी एकाची, राखण भाच्यांची! एकाच कुळाने मनमानी करू नये यासाठी याहून चांगली रचना कागदावर तयार करणे अवघड आहे. १९७६ च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याने जमीन न विकता येणाऱ्या सामूहिक मालकीने परत मिळाली, तेव्हा या जुन्या रचनेला कायद्याचे बळ आले. चित्रकार बार्दायाल नाजमेरेक यांच्यासारखे वडीलधारे पठारावर परतले आणि त्यांच्याभोवती रेंजरांची पथके उभी राहिली. शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकले.

पैसा आला तो २००६ मध्ये. डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने आपल्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी १७ वर्षांचा करार केला. वर्षाला सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि त्या बदल्यात सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे गोव्याच्या साडेसातपट प्रदेशात, आगीचे नियोजन. वर्षाला १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन वाचवण्याचे उद्दिष्ट होते. यातला हिशोब पाहण्यासारखा आहे. गवत जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात धरतच नाहीत, कारण पुढच्या पावसातले गवत तो परत शोषते असे मानले जाते. मोजतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशोबाने ते कार्बन डायऑक्साइडच्या अनुक्रमे सुमारे २८ आणि २६५ पट उष्णता धरतात. लवकर लावलेल्या थंड आगीत कमी जळण जळते, म्हणून हे वायूही कमी निघतात. करारापूर्वी पश्चिम अर्नहेमचा साधारण ४० टक्के भाग दरवर्षी जळे, तोही बहुतांश उशिरा. नंतर लवकरच्या आणि उशिराच्या आगीचे प्रमाण उलटले.

तरीही एक खोच आहे. उत्सर्जन मोजण्याच्या सरकारी पद्धतीत १ ऑगस्ट ही सीमारेषा ठरली आहे: आधीची आग ‘लवकरची’, नंतरची ‘उशिराची’. उपग्रहाला तारीख कळते. गवतातली ओल, कांगारूंची चराई किंवा जुंगकायची संमती कळत नाही. हेलिकॉप्टरमधून पेटत्या गोळ्या टाकून ऑगस्टपूर्वी हवे तेवढे क्षेत्र जाळता येते आणि हिशोबही जुळतो. पण लहान सस्तन प्राण्यांना लागणारी बारीक तुकड्यांची गोधडी त्यातून तयार होईलच, याची हमी नाही. पथके पायी फिरून हे काम करतात ते स्वतःच्या निष्ठेने. सरकारी हिशोबात त्याचे वेगळे श्रेय मिळत नाही.

आपल्याकडेही मोहफुले वेचण्यासाठी गडचिरोलीच्या जंगलात पाचोळा जाळतात. राखीव वनात आग लावणे मात्र १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमानुसार गुन्हा आहे. वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला, तोही २००६ मध्येच. आता कार्बनच्या व्यापाराची भाषा आपल्या जंगलांपर्यंत येऊ लागली आहे. अर्नहेममध्ये जमिनीचा हक्क १९७६ चा आणि पहिला करार त्यानंतर ३० वर्षांनी झालेला आहे. कार्बनचे करार करायला निघालेल्यांनी आधी ग्रामसभांचे प्रलंबित दावे निकाली काढावेत.