पंगत आणि टेबल : पॅरिसच्या भोजनगृहांची कथा

घराबाहेर जेवणे ही माणसाला नवी गोष्ट नाही. व्यापाऱ्याला सराई होती, यात्रेकरूला अन्नछत्र होते आणि परगावी शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला माधुकरी होती. परंतु वाटेल त्या वेळी जावे, स्वतंत्र टेबलाशी बसावे, यादी पाहून रुचेल तो पदार्थ मागवावा आणि खाल्ले तेवढ्याचेच दाम मोजून उठावे, ही रीत निराळी. चीनमधील कायफंग आणि हांगचौ या नगरांत ती बाराव्या शतकातच रुळली होती. युरोपात मात्र ती अवघी अडीचशे वर्षांची असून तिचे माहेर पॅरिस होय.

अठराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसला आलेला परका माणूस खानावळीत जेवी. तेथे एका लांब टेबलाभोवती सर्वांनी ठरल्या वेळी बसायचे, यजमान पुढे ठेवील ते खायचे आणि ठरलेले पैसे द्यायचे. नेहमीची मंडळी चांगले तुकडे आधी उचलीत. नवख्याच्या वाट्यास उरलेसुरले येई. एका अर्थी ती पंगतच होती, पण वाढप्याविना चाललेली!

‘रेस्टॉरंट’ हे मूळचे जागेचे नावच नव्हे. अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसरसाला हे नाव होते. बूलांजे नावाच्या एका इसमाने १७६५ साली पहिले रेस्टॉरंट उघडले आणि खानावळवाल्यांनी त्याला कोर्टात खेचले, अशी एक कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते; पण तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. अमेरिकन इतिहासकार रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा मान मातुरें रोझ द शांत्वाझो या उद्योगी गृहस्थाला दिला आहे. १७६६ च्या सुमारास त्याने हा मांसरस देणारे दुकान थाटले. आता, आजाऱ्याला भूक लागेल तेव्हा खायचे असते, पचेल तेवढेच खायचे असते आणि त्याला गलका सोसत नाही. म्हणून अवेळी सेवा, वेगळे टेबल, प्रत्येकाचा निराळा वाडगा आणि पदार्थागणिक ठरलेली किंमत, या गोष्टी ओघानेच आल्या. रुग्णासाठी दिलेली सवलत पुढे धडधाकट नागरिकाची सवय झाली.

राज्यक्रांतीत सरदार परागंदा झाले, त्यांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी भोजनगृहे काढली, असे आपण पाठ्यपुस्तकी थाटात सांगतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. राजबंधूच्या पदरी राहिलेल्या आंत्वान बोव्हिल्ये याने आपले प्रसिद्ध भोजनगृह १७८९ च्या आधीच थाटले होते. क्रांतीने खरे काम केले ते वेगळे. भाजलेले मांस एका संघाने विकावे, डुकराचे दुसऱ्याने आणि शिजवलेले भोजन तिसऱ्याने, अशी धंद्यांची जुनी वाटणी होती. १७९१ च्या कायद्याने ती मोडली आणि स्वयंपाकघराला मोकळीक मिळाली.

उघड्या दाराची किंमतही लवकरच कळून आली. २० जानेवारी १७९३ रोजी, राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्या संध्याकाळी, पाले-रोयाल येथील एका भोजनगृहात लपलेतिये हे लोकप्रतिनिधी जेवावयास आले होते. त्यांनी राजाच्या देहान्ताच्या बाजूने मत दिले होते. राजाचा एक माजी अंगरक्षक तेथे आला व त्याने त्यांना तलवारीने भोसकले. जेथे कोणीही यावे, तेथे मारेकरीही येऊ शकतो.

‘कोणीही’ म्हणजे मात्र खिशात पैसा असलेला कोणीही. श्रमजीवी माणसाला ही दारे दीर्घकाळ बंदच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने बाजारातील कामगारांसाठी स्वस्त, स्वच्छ रस्साघरे काढली, तेव्हा ती थोडी किलकिली झाली. याच परंपरेतील, १८९६ साली निघालेले शार्तिये आजही चालू आहे. तेथे वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो आणि गर्दी असल्यास अनोळखी माणसांना एकाच टेबलाशी बसवतो. ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतातून पोटासाठी आलेल्या लोकांनी कोळसा विकता विकता मद्याचे पेले आणि साधे जेवण ठेवले, त्यातूनही पुष्कळ बिस्त्रो उभे राहिले. ‘बिस्त्रो’ हा शब्द १८१४ साली रशियन सैनिकांनी ‘लवकर, लवकर’ म्हणून केलेल्या ओरड्यातून आला, ही गोष्ट मजेची खरी. पण हा शब्द छापील मजकुरात आढळतो तो १८८० नंतरच्या दशकात. सत्तर वर्षे तो कोठे दडून बसला होता, याचे उत्तर त्या गोष्टीत नाही.

श्रोतेहो, या कथेचा आपल्याशी संबंध काय, असे आपण विचाराल. पॅरिसच्या माणसाला सामायिक टेबलावरून उठून वेगळे बसणे हे स्वातंत्र्य वाटले. आपल्याकडे वेगळे बसविणे हीच बेडी होती. पंगत जातीची, पाण्याचे भांडे जातीचे. चहाच्या दुकानातही काहींचा पेला बाहेर, खुंटीला. म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात, दुकाने व हॉटेले यांच्या जोडीने सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख मुद्दाम आला. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर तेथील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. राज्यघटनेने इडलीच्या दुकानाची दखल घ्यावी, हे एखाद्या परदेशी पंडिताला क्षुल्लक वाटेल. ज्याच्या हाती वेगळा पेला आला असेल, त्याला ते तसे वाटणार नाही.

शासकीय सेवेत राहून मी एवढे शिकलो आहे की, कायदा दार उघडू शकतो. आतल्या माणसाला सरकून जागा करून द्यायला तो शिकवू शकत नाही. गर्दीच्या वेळी उपाहारगृहात आपल्यासमोरची खुर्ची रिकामी असते आणि कोणी अनोळखी माणूस ‘येथे बसू का?’ असे विचारतो. त्याचे नाव, गाव न विचारता आपण ‘बसा’ म्हणतो, तेव्हा ते शिक्षण थोडे पुढे सरकते.