आजोबांचे नाव ‘कचरू’ होते!

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मंगल परिणयाची पत्रिका छापायला द्यायची होती. पत्रिकेत ‘कालकथित’ म्हणून आजोबांचे नाव घालायचे, यावरून घरात वाद झाला. आजोबांचे नाव कचरू. नवरदेव म्हणाला, “दादा, ऑफिसातले लोक येणार आहेत. ‘कचरू’ कसे छापायचे? ‘कश्यप’ टाकू, अक्षर तर तेच आहे.” काका काहीच बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

कचरू, केरू, उकंडा, धोंड्या, दगडू, भिकू. आपल्या कोणत्याही वस्तीतील जुन्या माणसांची नावे आठवून पाहा. ही नावे आली कुठून? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियमच दिलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे! जो ग्रंथ शूद्राला चांगले नावही देत नाही, त्याच्या चौकटीत अस्पृश्याच्या वाट्याला काय येणार? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन का केले, याचे एक उत्तर आपल्या आजोबांच्या नावातच आहे.

यावर काही विद्वान लगेच सांगतात, “अहो, पूर्वी मुले जगत नसत. नजर लागू नये म्हणून सर्वच जातींत अशी नावे ठेवत.” हे खोटे नाही. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होतेच. पण प्रश्न तिथेच सुरू होतो. धोंडा दोघांच्याही नावात होता. मग एकाचा ‘धोंडोपंत’ आणि दुसऱ्याचा ‘धोंड्या’ का झाला? मुलाला मरणापासून वाचवण्यासाठी आईने ठेवलेले नाव एका घरात मान मिळवते आणि दुसऱ्या घरात, म्हातारपणीसुद्धा, गावातल्या शेंबड्या पोराने एकेरीत मारलेली हाक बनते. अर्थ शब्दात कमी आणि हाक मारणाऱ्याच्या जिभेत जास्त असतो. ती जीभ जातीने घडवली होती.

मात्र आपला इतिहास केवळ अपमानाचा नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली ‘नाक’ प्रत्ययाची महार सैनिकांची नावे आजही वाचता येतात. गावात जी नावे तुच्छतेने घेतली जात, ती दगडावर सन्मानाने कोरली गेली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा’ या नावाने दाखल झालेला मुलगा पुढे भीमराव झाला आणि त्याने पूर्ण समाजाची नावेच बदलून टाकली.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ नाव दिले. १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ झाले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’. मग १४ ऑक्टोबर १९५६ चा तो दिवस आला. त्यानंतर आपल्या घरोघरी गौतम, राहुल, आनंद, अशोक, सिद्धार्थ, मिलिंद जन्माला आले.

या नावांचे अर्थ आपल्या मुलांना सांगतो का आपण? सिद्धार्थ म्हणजे ज्याचा हेतू सिद्धीस गेला तो. अशोक म्हणजे शोकरहित. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा, पण आपला मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, जो भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणे, हा योगायोग नव्हे. उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करायचे! पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो त्यानेच. सुनीत तर झाडलोट करणारा, आणि तो थेर झाला. तिथे जन्माने ठरलेले काम माणसाला चिकटून राहिले नाही.

पण नाव बदलले म्हणून जात विचारणारे थांबले का? नाही. ते आता “पूर्ण नाव सांगा” म्हणतात. भाड्याने खोली पाहताना मी स्वतः हे ऐकले आहे. नुसत्या नावावरून अंदाज आला की चेहरा बदलतो आणि “खोली कालच गेली” असे उत्तर येते. म्हणून आपली शिकलेली पिढी आता अशी नावे शोधते, ज्यांतून काहीच कळणार नाही. त्या आईबापांना मी दोष देत नाही. मुलाला नजर लागू नये, हीच त्यांचीही इच्छा आहे. फक्त आज नजर जातीची आहे. मात्र लपण्याने ती नजर सुधारत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

शेवटी मी भावाला एकच विचारले, “तुझ्या वडिलांचे नाव गौतम कोणी ठेवले?” काका धर्मांतरानंतर दोन वर्षांनी जन्मले. नाव ठेवणारे आजोबाच होते. स्वतः आयुष्यभर ‘कचऱ्या’ म्हणून हाक ऐकलेल्या माणसाने मुलाला बुद्धाचे नाव दिले. कचरू ते गौतम ही उडी त्यांनी मारली, गौतम ते मिलिंद हे त्यानंतरचे सोपे पाऊल होते. मग पत्रिकेतून कोणाला खोडायचे? ज्याने क्रांती केली त्यालाच?

पत्रिका छापून आली. वर ठळक अक्षरांत ‘कालकथित कचरू’ असे आहे. काकांनी ती बराच वेळ हातात धरून ठेवली होती.

जयभीम! नमो बुद्धाय!