सौर पॅनेल-कचरा

सौर पॅनेल-कचरा : आयुष्य संपलेल्या, फुटलेल्या किंवा उत्पादनात बाद ठरलेल्या सौर पॅनेलांचा घनकचरा. पॅनेल साधारण २५ ते ३० वर्षे टिकते; गारपीट, वादळ वा हाताळणीतील तड्यांमुळे ते त्याआधीच निकामी होऊ शकते (पहा : सौर घट).

प्रचलित सिलिकॉन पॅनेलच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश काच असते. उरलेल्या भागात प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन, तांबे आणि अत्यल्प चांदी. डाखातील शिसे व पातळ थराच्या काही पॅनेलांतील कॅडमियम हे घटक विषारी आहेत; भंगलेल्या पॅनेलांतून ते पाझरून माती-पाण्यात मिसळू शकतात. पॅनेलच्या पाठीचा फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिकचा थर उघड्यावर जाळल्यास घातक वायू सुटतात. पुनश्चक्रणासाठी पॅनेल सुटे करताना चौकट व तारा सहज निघतात. खरी अडचण काच आणि घट यांना घट्ट चिकटवणाऱ्या प्लॅस्टिकच्या थराची आहे. तो उष्णतेने, रसायनांनी किंवा यांत्रिक रीतीने वेगळा करावा लागतो. ही प्रक्रिया खर्चिक असल्याने भंगारात बहुधा चौकटीलाच भाव मिळतो (पहा : पुनश्चक्रण).

यूरोपीय संघाने २०१२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश विद्युत्-कचऱ्यात करून संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. भारतात ‘ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२’ १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार उत्पादकांनी सौर पॅनेलांचा कचरा २०३४–३५ पर्यंत साठवायचा आहे (पहा : ई-कचरा). महाराष्ट्रात सौर कृषिपंपांची पॅनेले शेतोशेती विखुरलेली असल्याने संकलन मोठ्या सौर प्रकल्पांपेक्षा अवघड ठरते.