समुद्रतीरावरील वाद आणि ईश्वरविषयक चर्चेचे स्थित्यंतर

वैतरणेच्या मुखावरील दातिवऱ्यापासून वसईपर्यंतच्या किनारपट्टीवर ईश्वरविषयक प्रश्नाचा निकाल दीर्घकाळ राजसत्तेनेच लावला. 1534 च्या तहान्वये वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि गोव्यात 1560 मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायासनाची छाया येथवर पडली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने सत्ता पालटली, तिच्याबरोबर धर्माश्रयही पालटला. वाद करून निर्णय करावा असा प्रसंगच या दोन शतकांत फारसा आला नाही.

या पार्श्वभूमीवर 1857 मध्ये मुंबईच्या बॅक बे किनाऱ्यावर झालेल्या सभांचे महत्त्व ध्यानात येते. गुरुवार, 15 जानेवारीपासून 28 मेपर्यंत तेथे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचा जाहीर वाद चालला. विष्णुबुवा (1825–1871) हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे. जकात खात्यातील नोकरी सोडून ते विरक्त झाले होते. प्रतिपक्षाची धुरा मुख्यतः जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने वाहिली. मीरतचा उठाव 10 मे रोजी झाला. तरीही सभा लगेच थांबल्या नाहीत, ही गोष्ट लक्षणीय होय.

वादाच्या मुळाशी चैतन्याचा प्रश्न होता. सर्वत्र एकच चैतन्य भरलेले आहे, ही विष्णुबुवांची वेदान्ती भूमिका. जीव जर ब्रह्मच, तर पाप कोणाचे व दंड कोणाला, हा तीवरील मिशनऱ्यांचा ठराविक आक्षेप. आक्षेप पोकळ नव्हता. पण निर्दोष ईश्वराच्या सृष्टीत पाप आले कोठून, ही अडचण आक्षेपकांनाही चुकत नव्हती.

अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. बोवेनने आपला इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला. विष्णुबुवांच्या बाजूचा मराठी वृत्तांत 1872 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. दोन्ही पक्षकारांचेच. कोण जिंकले, याचा निर्णय त्यांवरून करू पाहणे व्यर्थ आहे. कोणते प्रश्न विचारले गेले, एवढेच त्यांतून विश्वासाने घ्यावे.

आणि जो प्रश्न विचारला गेला नाही, तोही पाहावा. ईश्वर कोणाचा खरा, हा वाद होता. ईश्वर आहे काय, हा नव्हे. हा दुसरा प्रश्न मराठीत निर्भीडपणे मांडला तो पुढच्या पिढीतील गोपाळ गणेश आगरकरांनी (1856–1895). मिल्ल व स्पेन्सर वाचलेल्या या लेखकाने 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि श्रद्धेची चिकित्सा स्वकीयांतच सुरू झाली. मिशनऱ्यांना उत्तरे देण्यापेक्षा हे काम अधिक कठीण होते.

पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीचा प्रश्न मात्र वादसभेतून नव्हे, प्रयोगातून पुढे आला. जयंत नारळीकर (1938–2025) यांच्या पुढाकाराने 2001 मध्ये व पुन्हा 2005 मध्ये हैदराबादेहून फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. दुसऱ्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचेच आहे असे यावरून सिद्ध होत नाही, असे इस्रोने 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच नमूद केले.