करवंटी, कुपन आणि अर्धी गोळी



पेसाह जवळ आला की कपाटं रिकामी होतात आणि आमचं पितळ उघडं पडतं. यंदा धाकट्या नातीने फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा मोठ्या आशेने उघडला, तर आत हिरवं वाटण. दुसऱ्यात चिंचेचा कोळ. ओट्याखालच्या कपाटात कॉटेज चीजचे धुतलेले डबे एकात एक घालून रचलेले, आणि खणात घडी करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. तिने हिब्रूत विचारलं, "सवता, आपण गरीब आहोत का?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण उत्तर पटकन सुचलं नाही. ते शोधता शोधता पार कोकणात जाऊन पोचलो.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले ही कथा सर्वांना तोंडपाठ आहे. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून "शनवार तेली" हे नाव पडलं. या नावातल्या शनिवारावर आपण पुष्कळ बोलतो, तेलावर फारसं बोलत नाही. तेल्याच्या घरात फेकण्याजोगं काही नसतं. तीळ घाण्यात गेले की तेल निघतं, मागे राहते पेंड. पेंड बैलाला, आणि तोच बैल उद्या घाणा ओढणार. आपला तेली कमावणार सहाच दिवस. सातव्या दिवसाची भाकरी त्या सहा दिवसांतूनच काढायची. आपल्या काटकसरीचं मूळ आम्हाला तरी इथेच दिसतं. पुढे माणसं पलटणीत, रेल्वेत, मुंबईच्या कचेऱ्यांत गेली, घाणे मागे पडले, पण बायकांच्या हातातलं वळण तेच राहिलं.

नारळाचंच बघा. मटणाच्या जेवणात दूध-दही चालत नाही, म्हणून आपल्याकडे सगळी भिस्त नारळाच्या दुधावर. पहिलं दाट दूध शेवटी रश्शात घालायला बाजूला ठेवायचं. गरम पाणी घालून काढलेलं दुसरं, पातळ दूध शिजवण्यात जायचं. मग उरलेला चोथा कोरडा परतून, लसूण-मिरची घालून त्याची चटणी. करवंटी चुलीत, नाहीतर दांडा लावून तिची पळी. काथ्या भांडी घासायला, सोबत चुलीतलीच राख. नारळ फुटला की त्याचं पाणी देखील मुलांत घोट-घोट वाटलं जायचं.

किद्दूशचं शरबतही तसंच. कोशेर द्राक्षारस कोकणात कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या, आणि त्या पाण्यावर बेराखा म्हणायची. गाळलेल्या मनुका आमच्या घरी दुसऱ्या दिवशी शिऱ्यात जात. आज इस्रायलमध्ये द्राक्षारसाची बाटली स्वस्तात मिळते, तरी शुक्रवारी पुष्कळ घरांत मनुकाच भिजतात. काटकसर म्हणून सुरू झालं, आता त्याच्या वासाशिवाय शब्बाथ आल्यासारखं वाटत नाही.

जुन्या सणांच्या नावांतही हे सापडतं. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 साली लिहिलेला आणि 1937 मध्ये छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास चाळला, तर पेसाहला आपले लोक "अनशी ढाकाचा सण" म्हणत असं आढळतं. अनस म्हणजे तोंडी लावायच्या आंबट पाण्याची बरणी. सणाच्या दिवसांत ती झाकून ठेवायची. या लेखासाठी आमच्या कामाचं इतकंच, की बरणी ओतून दिली नाही, झाकली.

रोश हशाना, म्हणजे आपला "नव्याचा सण", आला की चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, वाटा, पिळा, चीक खाली बसू द्या. चोथा कोंबड्यांना. इस्रायलमध्ये हे सगळं करायला ना वेळ ना कोंबड्या, म्हणून कॉर्नफ्लोअरची पिशवी आली. खरं सांगायचं तर आम्हाला तीच बरी वाटते, जुनी माणसं रागावली तरी.

आता इस्रायलकडे वळू. आपली पहिली कुटुंबं इथे उतरली तेव्हा देशात "त्सेना", म्हणजे सरकारी काटकसर चालू होती. एप्रिल 1949 मध्ये ती सुरू झाली आणि अन्नपुरवठ्याचं खातं दोव योसेफ यांच्याकडे होतं. 1951 संपेपर्यंत देशातली ज्यू वस्ती दुप्पट झालेली, परकीय चलनाचा खडखडाट. अंडी, तेल, साखर, कपडे, सगळं कुपनावर. अंड्याच्या जागी अंड्याची भुकटी, ताज्या मासळीच्या जागी गोठवलेले तुकडे. रेशन टप्प्याटप्प्याने उठत 1959 मध्ये संपलं. थंडी, तंबू, काम न मिळणं आणि मिळालेली वागणूक, यांना कंटाळून 1952 मध्ये आपल्यातली काही कुटुंबं भारतात परतली, तीही याच दिवसांत.

सगळ्यात मोठी अडचण तांदळाची. भात नाही म्हणजे जेवणच नाही. तांदूळ मिळेना म्हणून बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे काढले. आधी ते तांदळाच्या आकाराचे होते, गोल दाणे नंतर आले. तेच आजचे "प्तितीम". लोक त्याला बेन-गुरियनचा भात म्हणत. आमच्या एका मावशीने त्यावर पातळ आमटी ओतली, चार घास खाल्ले आणि ताटातच रडली. पण टाकलं नाही. पुढे मोहरी, हळद, कांदा घालून ती त्याचा उपमा करू लागली, तो आमच्याकडे अजून होतो.

युरोपातून आलेल्या शेजारणी वांगी तळून, कुस्करून त्याला काळजाची चव आणायचा खटाटोप करत. आपल्या बायकांना ते कोडंच पडे. वांग्याला वांगं म्हणून खायला काय हरकत आहे? एका बाबतीत मात्र दोघींचं सूत जमलं. तिथल्या बायका रॉकेलच्या वातीच्या स्टोव्हवर "सीर पेले" नावाच्या, मध्ये भोक असलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात केक भाजत. ओव्हन कुणाकडेच नव्हता. झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून भाजण्याची रीत आपल्याला ठाऊक होतीच, त्यामुळे ते भांडं आपल्या घरांत लगेच रुळलं.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. त्या काळी काटकसर हे देशकार्य होतं, पण जुन्या साडीची गोधडी दोरीवर वाळत घातली की तीच काटकसर "हिंदी सवय" होऊन हसण्यावारी जायची. मग गोधडी घरातच वाळू लागली.

1984 मध्ये महागाई वर्षाला 400 टक्क्यांच्या वर गेली. पगाराच्या दिवशीच तेल-तांदूळ भरायचा, कारण आठवड्याने भाव बदललेला. तेव्हा सार्वजनिक फोनला "असिमोन" लागे, मध्ये भोक असलेलं टोकन. भाव कितीही चढो, एका असिमोनला एक फोन हे कायम, म्हणून लोक त्यांचाच साठा करत. आमच्या घरी ते मोहरीच्या डब्यात तळाला असत. पुढे शेकेलमधली तीन शून्यं उडून नवा शेकेल आला, असिमोन गेले आणि टेलिफोनची कार्डं आली. डब्यात उरलेले काही असिमोन नातवंडांनी खेळायला नेले.

इथवर सगळं कौतुकाचं. पण आम्ही परिचारिका, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

दक्षिणेतल्या एका गावात आपल्यातल्याच एक मावशी राहत. त्सेनाच्या दिवसांत आलेल्या, एकट्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. आम्ही ड्यूटीवरून येता-जाता त्यांच्याकडे डोकावायचो. दोरीवर धुतलेल्या पिशव्या, तांदळाच्या धुवणावर वाढवलेला कढीपत्ता, हिवाळ्यात बंद हीटर आणि अंगावर तीन स्वेटर. आम्हाला भारी कौतुक. कढीपत्त्याची डहाळी घेऊन निघायचो. रक्तदाब चढा दिसला की मीठ कमी करा म्हणायचो. गोळ्या घेता का, असं विचारलं की त्या "घेते हो" म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

एका पहाटे त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोबडी वळली. कपडे घ्यायला घरी गेलो तेव्हा बिस्किटांचा डबा सापडला. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, आणि प्रत्येक पुडीत अर्ध्या कापलेल्या गोळ्या. दोनशेच्या वर होत्या. रोज अर्धी घ्यायची, अर्धी ठेवायची. काही महिन्यांनी वाचा परतल्यावर विचारलं, असं का केलंत? म्हणाल्या, "अगं, उद्या दुकानात मिळाल्या नाहीत तर?"

त्या गोळ्यांना त्यांना पैसे फारसे पडत नव्हते. डिप्लोमा आमच्याकडे, रक्तदाबाचं यंत्र आमच्याकडे, आणि त्या घरातल्या पिशव्या पाहूनही गोळ्या मोजाव्यात हे आमच्या डोक्यात आलं नाही. आपलीच सवय, म्हणून दिसली नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आपल्या कुठल्याही वृद्धाच्या घरी गेलो की आधी गोळ्यांचं पाकीट मागून घ्यायचो, महिन्याचे दिवस आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेब करायचो. मावश्या चिडत. चिडू दिलं.

तुमच्याही घरी आई, सासू, आजी असेल. डबे, पिशव्या, करवंट्या राहू द्या त्यांच्याकडे, कुणी फेकू नका. गोळ्या मात्र एकदा मोजून बघा. घरात हीटर खरंच लागतो का, तेही बघा. आणि कुणाच्या ट्रंकेत त्सेनाच्या काळची कुपनं अजून असतील तर त्यांचा फोटो काढून आम्हाला पाठवा. आमच्या मावशीची वही घर बदलताना हरवली. त्या एका घरात महिन्याला किती तेल आणि किती साखर यायची, ते आम्हाला आकड्यांत लिहून ठेवायचं आहे.